पॉल कॉसॉफ : मोजक्या स्वरांचा गिटारवादक

आपल्या स्मरणिकेत दरवर्षी एखाद्या दिवंगत कलावंताचं चरित्र असतंच. गायक, नट, कीर्तनकार, हार्मोनियमवादक अशा पुष्कळांविषयी आपण इथे वाचलं आहे. या वेळी ज्याच्याविषयी लिहितो आहे तो आपल्या हैदराबादचा नाही, महाराष्ट्राचा नाही, भारताचाही नाही. तो लंडनचा, ज्यू घरातला. इलेक्ट्रिक गिटार वाजवायचा आणि वयाच्या २५व्या वर्षी गेला. त्याचं नाव पॉल कॉसॉफ. 'फ्री' नावाच्या चौघांच्या बँडमधला तो गिटारवादक. १४ सप्टेंबर हा त्याचा जन्मदिवस, म्हणजे बरेचदा गणपतीच्या आगेमागेच येणारा.

हल्ली आपल्या पुष्कळ घरांत मुलं गिटार शिकतात, उत्सवाच्या मंचावर वाजवतातही. त्यांना हे नाव ठाऊक असेल किंवा नसेल. पण त्याची हकिकत मुलांइतकीच त्यांच्या आईवडिलांनी वाचण्यासारखी आहे, असं मला वाटतं. कारण ती जितकी मुलाची आहे तितकीच त्याच्या वडिलांचीही आहे.

शिंप्याचं घर

पॉलचे आजोबा रशियातून इंग्लंडला आलेले ज्यू शिंपी. परिस्थिती गरिबीची. त्यांचा मुलगा डेव्हिड याचा जन्म १९१९ सालचा, लंडनच्या हॅकनी भागातला. डेव्हिड कॉसॉफ लंडनच्या नॉर्दर्न पॉलिटेक्निकमध्ये शिकले, ड्राफ्ट्समन म्हणून नोकरीला लागले आणि पुढे फर्निचरची डिझाइनंही करू लागले. मी स्वतः डिप्लोमावाला असल्यामुळे आणि सरकारी नकाशे काढण्यात उमेदीची वर्षं गेल्यामुळे, हा तपशील वाचताना जरा थांबलो होतो. ड्रॉइंग बोर्डावर बसलेला हा माणूस १९४२च्या सुमारास युनिटी थिएटर या हौशी नाट्यसंस्थेत जाऊ लागला आणि नट झाला.

नट म्हणून त्यांनी मोठं नाव कमावलं. 'द माउस दॅट रोअर्ड' हा १९५९चा विनोदी चित्रपट जुन्या इंग्रजी चित्रपटांच्या शौकिनांना आठवत असेल. त्यातले विसरभोळे शास्त्रज्ञ म्हणजे डेव्हिड कॉसॉफ. 'द लार्किन्स' या टीव्ही मालिकेमुळे ते इंग्लंडच्या घराघरांत पोचले. पण लोकांचं त्यांच्यावर खरं प्रेम जडलं ते बायबलमधल्या कथांमुळे. रेडिओवर आणि टीव्हीवर ते या कथा साध्या, घरगुती भाषेत, थोडी थट्टा करत सांगत. आपल्याकडे एखादा चांगला कीर्तनकार आख्यान लावतो आणि जुनीच गोष्ट नव्याने ऐकल्यासारखी वाटते, तसं ते काम होतं. त्यांचे भाऊ ॲलन कीथ हेही रेडिओवरचे नामवंत निवेदक. लोकप्रिय अभिजात संगीताचा त्यांचा कार्यक्रम अनेक दशकं चालला.

अशा घरात १४ सप्टेंबर १९५० रोजी पॉल जन्मला. आजोबा शिंपी, बाप नट, काका निवेदक. घरात शब्दाला कमतरता नव्हती. पॉल मात्र पुढे बोलला तो तारांमधून.

गिटार सुटली आणि परत आली

लहानपणी पॉलला रीतसर गिटार शिकायला घातलं होतं. ही अभिजात पद्धतीची गिटार. नोटेशन वाचायचं, बोटं ठरलेल्या जागी ठेवायची, रोज सराव करायचा. काही वर्षं त्याने ते केलं, पण मन रमलं नाही आणि १९६०च्या दशकाच्या मध्यापर्यंत ते शिक्षण सुटलं. आपल्याकडेही पेटीचा किंवा तबल्याचा क्लास असाच सुटतो आणि मग वाद्य कपाटावर धूळ खात पडतं.

गिटार परत हातात आली ती डिसेंबर १९६५ मध्ये. उत्तर लंडनच्या गोल्डर्स ग्रीन भागात 'रिफेक्टरी' नावाची जागा होती. तिथे जॉन मेयॉल यांच्या 'ब्लूजब्रेकर्स' या बँडचा कार्यक्रम होता आणि गिटारवर होता एरिक क्लॅप्टन. १५ वर्षांचा पॉल तिथे गेला आणि त्या वाजवण्याने भारावून गेला.

इथे ब्लूजविषयी दोन शब्द सांगायला हवेत. ब्लूज हे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय कष्टकऱ्यांचं गाणं. मिसिसिपी नदीकाठच्या कापसाच्या शेतांत ते वाढलं आणि कामाच्या शोधात शिकागोसारख्या शहरांत गेलेल्या मजुरांबरोबर तिथे पोचलं. शहरात त्याला विजेवर चालणारी गिटार मिळाली. स्वरांची चौकट साधी, बहुधा बारा मात्रागटांची, आणि त्या चौकटीत जो तो आपलं दुःख सांगतो. १९६०च्या सुमारास या गाण्याच्या तबकड्या जहाजांतून इंग्लंडला पोचल्या आणि तिथल्या तरुण पोरांना त्यांनी वेड लावलं. त्या पोरांनी हेच गाणं मोठ्या आवाजात, जोरकस ड्रमच्या साथीने वाजवायला सुरुवात केली. त्यातून जे तयार झालं त्याला ब्लूज-रॉक म्हणतात.

पॉलने लंडनच्या चेअरिंग क्रॉस रोडवरच्या सेल्मर या वाद्यांच्या दुकानात विक्रेत्याची नोकरी धरली. पुढे गिब्सन कंपनीची लेस पॉल ही गिटार घेतली आणि तीच त्याची ओळख झाली. 'ब्लॅक कॅट बोन्स' नावाच्या बँडमध्ये तो वाजवू लागला. हा बँड अनेकदा 'फ्लीटवूड मॅक'च्या कार्यक्रमाआधी वाजवत असे, त्यामुळे त्या बँडचा गिटारवादक पीटर ग्रीन याच्याजवळ बसून पॉलला तासन्‌तास ब्लूज समजून घेता आला. अमेरिकेहून आलेला ज्येष्ठ ब्लूज पियानोवादक चॅम्पियन जॅक ड्युप्री याच्या १९६८च्या अल्बमवरही पॉलने वाजवलं. त्याच अल्बमवर ड्रम वाजवणारा होता सायमन कर्क. दोघांची जोडी जमली.

चौघं

लंडनमधल्या एका क्लबात पॉलने मिडल्सबरोहून आलेल्या पॉल रॉजर्स या मुलाचं गाणं ऐकलं आणि त्याला आपल्याबरोबर ओढलं. बेस गिटारला अँडी फ्रेझर हा मुलगा मिळाला. ब्रिटिश ब्लूजच्या सगळ्या पोरांना बापासारखे असलेले ॲलेक्सिस कॉर्नर यांनी त्याचं नाव सुचवलं होतं. एप्रिल १९६८ मध्ये हे चौघं बॅटर्सी भागातल्या 'नॅग्ज हेड' नावाच्या पबमध्ये पहिल्यांदा एकत्र वाजवायला बसले. रॉजर्स आणि कर्क १८ वर्षांचे, पॉल १७ वर्षांचा आणि फ्रेझर अवघा १५. 'फ्री' हे नावही कॉर्नर यांनीच दिलं. आयलंड रेकॉर्ड्स या कंपनीने त्यांना करारात घेतलं.

पुढची दोन वर्षं मुलांनी अक्षरशः गावोगाव वाजवलं. एका गाडीत वाद्यं आणि माणसं कोंबायची, रात्री कार्यक्रम, उत्तररात्री परतीचा प्रवास. 'टन्स ऑफ सॉब्ज' हा पहिला अल्बम १९६९च्या मार्चमध्ये आला आणि त्याच वर्षी 'फ्री' हा दुसरा. खप बेताचाच होता. पण गावांतल्या छोट्या हॉलमध्ये जे ऐकायला यायचे ते पुढच्या वेळी चार जणांना घेऊन यायचे. त्यांचा श्रोता असा एकेका गावात तयार झाला. आजही जे म्हातारे चाहते फ्रीची आठवण काढतात, त्यांतल्या कित्येकांची आठवण अशाच एखाद्या हॉलची असते.

कमी वाजवण्याची रीत

आता मुख्य गोष्ट. पॉल कॉसॉफमध्ये असं काय होतं?

त्या काळात वेगाने वाजवणारे गिटारवादक पुष्कळ होते. पॉल वेगाचा नव्हता. तो कमी स्वर वाजवायचा. एक स्वर घ्यायचा, तार बोटाने ओढून वर न्यायची आणि तिथे तो स्वर थरथरत ठेवायचा. त्याच्या डाव्या हाताचं ते कंपन इतकं भरदार आणि एकसारखं होतं की नुसत्या एका स्वरावरून वाजवणारा कोण ते जाणकार ओळखत. १९६९ मध्ये फ्री अमेरिकेत क्लॅप्टनच्या 'ब्लाइंड फेथ' या बँडबरोबर दौऱ्यावर होता. तेव्हा खुद्द क्लॅप्टनने पॉलला हे कंपन कसं काढतोस असं विचारल्याची गोष्ट चाहते आजही सांगतात. चार वर्षांपूर्वी ज्याला ऐकून हातात पुन्हा गिटार घेतली, त्यानेच असं विचारावं, यापेक्षा मोठी पावती पोराला कोणती हवी?

सतार ऐकणाऱ्या आपल्या लोकांना यातलं मर्म समजायला अवघड नाही. तार ओढून मींड घेणं आपल्याला परिचयाचं आहे. स्वर लागल्यावर घाईने पुढे न जाता त्यावर थांबणं, त्याला हलवणं, आणि पुढचा स्वर येईपर्यंत मधली शांतता भरू न देणं, याची किंमत आपले बुजुर्ग जाणतात. पॉलची सामग्री वेगळी होती. लेस पॉल गिटार, मार्शलचा अॅम्प्लिफायर, कानठळ्या बसवणारा आवाज. पण थांबण्याची समज तीच.

फ्रीच्या संगीतात ही मोकळी जागा सगळ्यांनीच राखली होती. त्यांचं सर्वांत गाजलेलं गाणं 'ऑल राइट नाऊ' नीट ऐका. कडव्यांत बेस गिटार वाजतच नाही. फक्त पॉलची गिटार, ड्रम आणि आवाज. धृवपद आलं की मग खर्ज येतो आणि गाणं भरून जातं. पुढे पॉलचं एकट्याचं वादन सुरू होतं तेही हळूच, दोन-चार स्वर टाकत, मग पायरीपायरीने वर चढत. आमच्या वसतिगृहात कुणाच्या तरी कॅसेटवर हे गाणं असायचं. आम्हाला वाजवणाऱ्याचं नावही माहीत नव्हतं. पण गिटारची ती सुरुवात लागली की बाजूच्या खोलीतली मुलं येऊन दारात उभी राहत.

१९७०

हे गाणं १९७०च्या मे महिन्यात आलं. एका कॉलेजमधला कार्यक्रम फिका झाला, लोकांना उठून नाचावंसं वाटेल असं आपल्याजवळ काहीच नाही हे मुलांच्या लक्षात आलं आणि त्यातून हे गाणं जुळलं, असं त्याच्या जन्माविषयी सांगतात. ब्रिटनच्या यादीत ते दुसऱ्या क्रमांकावर गेलं आणि अमेरिकेत चौथ्या. ज्या अल्बमवर ते होतं तो 'फायर अँड वॉटर' ब्रिटनमध्ये दुसऱ्या क्रमांकावर पोचला. ३० ऑगस्टला आइल ऑफ वाइट बेटावरच्या महोत्सवात लाखोंच्या जनसमुदायापुढे हे चौघं वाजवायला उभे राहिले. पॉलला २० पूर्ण व्हायला दोन आठवडे होते. त्याच मंचावर त्याच रात्री उशिरा जिमी हेंड्रिक्स वाजवणार होता आणि पॉल त्याला देवासारखा मानायचा.

त्यानंतर तीन आठवड्यांच्या आत, १८ सप्टेंबरला, हेंड्रिक्स लंडनमध्ये गेला. गोळ्यांच्या अतिसेवनाने. त्याचं वय होतं २७. पॉलला ओळखणारे सांगतात की तो धक्का त्याला सोसला नाही.

त्याच वर्षाच्या शेवटी 'हायवे' हा पुढचा अल्बम आला आणि अपेक्षेच्या मानाने पडला. वर चढायला दोन वर्षं लागली होती, उतार काही महिन्यांत लागला. रॉजर्स आणि फ्रेझर यांचं पटेना. बहुतेक गाणी या दोघांची होती. 'ऑल राइट नाऊ'वरही नाव त्यांचंच आहे. त्यामुळे बँडचा कारभार त्यांच्या संबंधांवर चालायचा. १९७१ मध्ये त्या दोघांनी वेगळं व्हायचं ठरवलं आणि फ्री मोडली. पॉल २० वर्षांचा होता. त्याने कुटुंब मानलेली गोष्ट दुसऱ्यांच्या भांडणात संपली होती.

गोळी

इथून पुढचं लिहायला जड जातं, पण गाळून चालणार नाही.

पॉल झोपेच्या गोळ्या घेऊ लागला होता. त्या काळात इंग्लंडमध्ये मँड्रॅक्स नावाची गोळी डॉक्टरांच्या चिठ्ठीवर सहज मिळायची. तिच्यातलं मुख्य द्रव्य मेथाक्वालोन. आपल्या वाचकांना आश्चर्य वाटेल, पण हे रसायन पहिल्यांदा भारतात तयार झालं. १९५१ साली इंद्रकिशोर कक्कर आणि सय्यद हुसेन झहीर या दोन शास्त्रज्ञांनी ते केलं. शोध चालला होता मलेरियावरच्या नव्या औषधांचा. यांतले झहीर साहेब म्हणजे आपल्या हैदराबादच्या प्रादेशिक संशोधन प्रयोगशाळेचे संचालक, पुढे वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेचे महासंचालक. हिवतापाने माणसं मरू नयेत म्हणून झटणाऱ्यांच्या हातून निघालेलं द्रव्य, पुढे झोपेचं औषध म्हणून विकलं गेलं आणि शेवटी व्यसन झालं. दोष शास्त्रज्ञांचा नाही. आज हेच द्रव्य आपल्या देशात अमली पदार्थांच्या कायद्याच्या यादीत आहे.

या गोळीने माणूस सुस्त होतो, जीभ जड होते, बोटं ऐकत नाहीत. ज्याची सगळी मिळकत डाव्या हाताच्या बोटांत होती, त्याने हीच गोळी धरावी, हा दैवाचा खेळ म्हणायचा. पण नुसतं दैव म्हणून सोडताही येत नाही. पॉल एका रात्रीत त्या वाटेला लागला नव्हता. आजूबाजूला माणसं होती, सगळ्यांना दिसत होतं.

मित्रांनी प्रयत्न केले. कर्कने त्याच्याबरोबर एक अल्बम केला, जोडीला जपानी बेसवादक टेत्सू यामाउची आणि टेक्सासचा की-बोर्डवादक 'रॅबिट' बंड्रिक. १९७२च्या सुरुवातीला फ्री पुन्हा एकत्र आली ती मुख्यतः पॉलला सावरण्यासाठी. म्हणजे ज्या दोघांचं पटत नव्हतं ते त्याच्यासाठी पुन्हा एका खोलीत बसले. 'फ्री ॲट लास्ट' हा अल्बम निघाला. पण कार्यक्रमांत पॉल कधी सुरेख वाजवायचा, तर कधी त्याला उभंही राहवत नसे. त्या वर्षी फ्रेझर कायमचा बाहेर पडला. १९७३च्या जानेवारीत 'हार्टब्रेकर' आला, तेव्हा त्यावर पॉलचं नाव मुख्य वादकांत नव्हतं, पाहुण्या वादकांत होतं. आपण उभ्या केलेल्या घरात आपणच पाहुणे. त्या अल्बमवरचं 'विशिंग वेल' हे गाणं रॉजर्सने पॉलकडे पाहूनच लिहिलं, असं चाहते मानतात. पॉल बाहेर पडला आणि त्या वर्षीच फ्री कायमची संपली. रॉजर्स आणि कर्क यांनी पुढे 'बॅड कंपनी' काढली आणि ती जगभर गाजली.

शेवटची दोन वर्षं

पॉलने 'बॅक स्ट्रीट क्रॉलर' हा स्वतःचा अल्बम १९७३ मध्ये केला. त्याची एक अख्खी बाजू म्हणजे एकच दीर्घ वादन आहे, सतरा मिनिटांहून मोठं. मन लावून ऐकलं तर हात अजून शाबूत होता हे कळतं. १९७५च्या सुरुवातीला स्कॉटिश वळणाचा गायक-गिटारवादक जॉन मार्टिन याने त्याला आपल्या दौऱ्यावर बरोबर घेतलं. मग पॉलने अल्बमच्याच नावाने नवा बँड बांधला. त्याच वर्षी रुग्णालयात असताना त्याचं हृदय बंद पडलं. डॉक्टरांनी प्रयत्नांची शर्थ करून त्याला परत आणलं. त्यानंतरही त्याने कार्यक्रम घेतले. 'द बँड प्लेज ऑन' हा अल्बम निघाला, दुसरा तयार झाला.

१९ मार्च १९७६. लॉस एंजेलिसहून न्यूयॉर्कला जाणाऱ्या विमानात पॉल गेला. पायातली रक्ताची गुठळी फुप्फुसात गेली होती. व्यसनाने शरीर आधीच पोखरलेलं. पुढच्या महिन्यात ब्रिटनमध्ये त्याचा दौरा ठरलेला होता आणि त्यात ऑस्ट्रेलियातून येणारा 'एसी/डीसी' हा तेव्हा तिकडे फारसा कुणाला माहीत नसलेला बँडही वाजवणार होता. तो दौरा रद्द झाला. दुसरा अल्बम 'सेकंड स्ट्रीट' पॉलच्या मागे बाजारात आला.

बाप मंचावर उभा राहिला

पार्थिव लंडनला आणलं आणि गोल्डर्स ग्रीनच्या स्मशानगृहात अग्निसंस्कार झाले. ज्या गोल्डर्स ग्रीनला दहा वर्षांपूर्वी क्लॅप्टनला ऐकून गिटार पुन्हा धरली होती, तिथेच.

घराघरांत माहीत असलेल्या नटाचा मुलगा व्यसनाने गेला होता. डेव्हिड कॉसॉफ तेव्हा ५६ वर्षांचे होते. आपल्याकडे अशा वेळी काय होतं ते आपण जाणतो. हार्ट फेल झाला असं सांगायचं, खोटंही नसतं ते. नातेवाईक दबक्या आवाजात बोलतात, श्रद्धांजलीत गुणांची यादी येते आणि वर्षभराने विषय बंद होतो.

डेव्हिड यांनी विषय बंद केला नाही. त्यांनी मुलाच्या नावाने एक प्रतिष्ठान स्थापन केलं. व्यसन म्हणजे काय हे शाळकरी मुलांना खरंखुरं सांगणं हे त्याचं काम. आणि मग एकपात्री प्रयोग तयार केला. १९७०च्या दशकाच्या शेवटी आणि १९८०च्या दशकात ते तो घेऊन गावोगाव फिरले. रंगमंचावर एकटा बाप. विषय एकच, आपला मुलगा कसा गेला आणि घरावर त्याचा काय परिणाम झाला.

विचार करा, या माणसाने आयुष्यभर दुसऱ्यांच्या कथा सांगितल्या होत्या. बायबलमधल्या अब्राहामाची, दाविदाची कथा सांगताना लोकांना हसवलं होतं, रडवलं होतं. आता तीच कला वापरून त्याला स्वतःच्या घरातलं आख्यान लावायचं होतं, रोज संध्याकाळी, अनोळखी लोकांपुढे. नटाला दुसऱ्याचं दुःख रोज नव्याने उभं करता येतं, ती त्याची विद्या असते. स्वतःचं दुःख रोज नव्याने उभं करायला काय लागत असेल, याची मला कल्पना करवत नाही. काहींना ते प्रदर्शन वाटलं असेल, वाटू शकतं. पण त्या सभागृहात एखादी आई, एखादा बाप असाही बसलेला असणार, ज्याच्या घरात तीच गोष्ट सुरू होती आणि जो कुणाजवळ बोलला नव्हता. हे काम डेव्हिड यांनी अखेरपर्यंत सोडलं नाही. २३ मार्च २००५ रोजी ८५व्या वर्षी ते गेले. मुलाच्या स्मृतिदिनानंतर चार दिवसांनी.

चाहत्यांची आठवण

वडिलांनी मरणाची आठवण जपली, चाहत्यांनी वाजवण्याची. फ्री बंद पडल्यानंतरही तिच्या चाहत्यांनी आपली मंडळी बांधून ठेवली, पत्रकं काढली, जुनी ध्वनिमुद्रणं शोधून काढली. २००० साली पाच सीडींचा मोठा संच निघाला, त्यात कधी न ऐकलेली वादनं होती. १९९१ मध्ये 'ऑल राइट नाऊ' एका च्युइंगगमच्या जाहिरातीमुळे पुन्हा बाजारात आलं आणि ब्रिटनच्या पहिल्या दहांत गेलं. पॉलला जाऊन पंधरा वर्षं झाली होती. जी पोरं ते विकत घेत होती त्यांतली कित्येक तो गेला तेव्हा जन्मलीही नव्हती. २०१२ मध्ये गिब्सन कंपनीने त्याच्या १९५९च्या लेस पॉल गिटारची हुबेहूब प्रतिकृती काढली.

एक धागा आपल्या महाराष्ट्रापर्यंतही येतो. पाचगणीच्या शाळेत शिकलेला फ्रेडी मर्क्युरी आणि त्याचा 'क्वीन' हा बँड सगळ्यांना माहीत आहे. फ्रेडीच्या निधनानंतर २००५ ते २००९ या काळात क्वीनबरोबर गायला उभा राहिला तो पॉल रॉजर्स. त्या कार्यक्रमांत 'ऑल राइट नाऊ' वाजायचं. गिटार अर्थातच दुसऱ्याची, पण सुरुवातीचे ते स्वर पॉल कॉसॉफचेच.

मला वाटतं, चाहते आणि बाप या दोघांची आठवण एकमेकांना धरून आहे. नुसतं वादन आठवलं तर पॉल एक तसबीर होतो, तरुण, लांब केसांचा, डोळे मिटून स्वर ओढणारा. त्याच्या मरणालाही मग एक प्रकारची शोभा येते आणि ती पोरांना भुलवते. नुसतं मरण आठवलं तर तो एक धडा होतो, शाळेच्या भिंतीवर लावायचा. तो या दोन्हींपेक्षा मोठा होता. गावोगावच्या हॉलमध्ये लोकांना एका स्वरावर थांबवून धरणारा मुलगा आणि विमानात गेलेला मुलगा हे एकच. आपण आपल्या माणसांची चरित्रं लिहितो तेव्हा दुसरी बाजू बहुधा सोडून देतो. एक कीर्तनकार म्हणावा असा बाप ती बाजू घेऊन मंचावर उभा राहिला, म्हणून आज पॉल पुरता आठवता येतो.

ज्यांना ऐकायचं असेल त्यांनी 'ऑल राइट नाऊ'पासून सुरुवात करावी, मग 'फायर अँड वॉटर'वरचं 'मिस्टर बिग' ऐकावं. घरात गिटार शिकणारं मूल असेल तर त्याला शेजारी बसवून ऐकावं आणि तो कुठे वाजवत नाही, तिकडे त्याचं लक्ष वेधावं. मग जमलं तर त्याला पुढची हकिकतही सांगावी, काही न गाळता.

गोल्डर्स ग्रीनच्या स्मृतिउद्यानात पॉलच्या नावाची पाटी आहे. त्यावर त्या गाण्याचंच नाव कोरलेलं आहे. मराठीत त्याचा अर्थ साधा आहे, आता सगळं ठीक आहे.